खालचं नाव

इथे अमेरिकेत, आमच्या मराठी मंडळात मी एक किस्सा बरीच वर्षं सांगत आलो. अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली, कोणत्या उमेदवारानं उपाध्यक्षपदासाठी कोणाला सोबत घेतलं याची चर्चा सुरू झाली, की कोणीतरी हटकून म्हणायचं, "काका, काकूंची गंमत सांगा ना." काकू म्हणजे माझी पत्नी. मग मी सांगायचो, की आमच्या मुलीनं कॅलिफोर्नियातून रोज फोन करून आईला कसं पढवलं, आई कशी 'हो हो' म्हणत राहिली, आणि मतपत्रिका घरी आल्यावर शेवटी मत कसं नवऱ्याच्या उमेदवारालाच पडलं. लोक हसायचे. पत्नी होती तोवर तीही शेजारी बसून हसायची. ती गेल्यानंतरसुद्धा मी हा किस्सा सांगितला आहे.

तो खोटा आहे. खरं काय झालं ते मी आता सांगतो.

पत्नीनं इथलं नागरिकत्व फार उशिरा घेतलं. तिचे आईवडील तिकडे भारतात होते तोवर ती पासपोर्ट बदलायला तयार नव्हती. त्यामुळे अध्यक्षपदासाठी मत द्यायची तिची ती पहिलीच वेळ होती. भारतात असताना मतदानाच्या दिवशी ती चपला घालता घालता विचारायची, "कुणावर मारायचा शिक्का?" मी सांगायचो, ती मारून यायची. मला त्यात काही गैर वाटायचं नाही. तिलाही वाटत नसावं, असं मी धरून चाललो होतो.

त्या वर्षी मात्र तिनं विचारलं नाही.

मुलगी शनिवार-रविवारी अनोळखी मतदारांना फोन करून प्रचार करायची. एका पक्षाच्या उमेदवारापेक्षा त्यानं सोबत घेतलेला माणूस तिला जास्त पसंत होता. संध्याकाळी ती आईला त्याच्या मुलाखती पाठवायची. पत्नी स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि भाजी चिरता चिरता ऐकायची. एका मुलाखतीत त्या माणसाला काहीतरी अवघड विचारलं, तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, हे मला माहीत नाही, विचारून सांगतो. पत्नीनं ते पुन्हा मागे नेऊन ऐकलं.

"बघितलंत? माहीत नाही म्हणाला."

"अगं, उपाध्यक्ष तो! त्याला माहीत असलं काय आणि नसलं काय. करवली बघून कोणी लग्न ठरवतं का?"

"मी ठरवलं होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण ती सांगू लागली. मी तिला बघायला गेलो तेव्हा माझ्याबरोबर माझा एक मित्र आला होता. चहा झाल्यावर त्यानं सगळ्यांच्या कपबश्या गोळा केल्या आणि आत नेऊन मोरीत ठेवल्या. तिच्या आईला संकोच झाला. तिची धाकटी बहीण तोंडाला पदर लावून हसली.

"तुम्ही तर सगळा वेळ पंख्याकडे बघत बसला होतात. तुमच्यावरून काय कळणार? म्हटलं, असा मित्र जोडणारा माणूस अगदीच वाईट नसेल."

इतक्या वर्षांच्या संसारात हे ती मला पहिल्यांदा सांगत होती. त्या वेळी मी हसायला हवं होतं. मला राग आला. मित्राचा आला की मुलीचा, की घरात माझ्याशिवाय दोघींचं काहीतरी ठरतं आहे याचा, हे आजही मला नीट उलगडत नाही. आमच्या घरातून आजवर दोन वेगवेगळी मतं कधी गेली नव्हती, एवढंच त्या दिवशी माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

टपालानं मतपत्रिका आल्या तेव्हा तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दुसऱ्या डोळ्यालाही धूसर दिसायचं. जेवणाच्या टेबलाशी मी माझी मतपत्रिका भरली आणि तिची पुढ्यात ओढली. ज्यांनी ही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका पक्षाच्या दोघांची नावं एकाच चौकटीत असतात, वर अध्यक्षपदाचा उमेदवार आणि त्याखाली त्याचा साथीदार. त्या दोघांना मिळून भरायचा गोल एकच. आमच्या मतपत्रिकेवर मुलीच्या पक्षाची चौकट वर होती आणि माझ्या पक्षाची तिच्याखाली.

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पहिल्यात खालचं नाव आहे ना, त्याच्यासाठी. त्या खालच्या नावाला द्या."

आता इथे कोणी म्हणेल, ऐकण्यात चूक झाली असेल. खालचं नाव म्हणजे खालची चौकट असं काकांना वाटलं असेल. पुढे मी स्वतःलाही असंच सांगून बघितलं. पण ती 'पहिल्यात' म्हणाली होती आणि ते मी स्पष्ट ऐकलं होतं. मी खालच्या चौकटीचा गोल भरला. सावकाश, नीट, कडेबाहेर न जाऊ देता.

"दिलं?"

"खालच्याला दिलं."

तिनं चाचपत पाकिटावर सही केली. दुसऱ्याला मदत करणाऱ्यानंही सही करायची एक जागा पाकिटावर होती. ती मी कोरी ठेवली. मग पेटीत टाकायला मीच गेलो. परत येताना इथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावरून तिच्या आवडीची सुरळीची वडी घेतली. ती खूश झाली. "आज काय विशेष?" म्हणाली. "पहिलं मत दिलंस," मी म्हणालो.

हे माझ्यापाशीच राहिलं असतं. पण निवडणुकीनंतर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मुलगी घरी आली, जेवताना निकालावरून आम्हा दोघांची जुंपली, आणि तिला गप्प करायला मी बोलून गेलो, "जगाला फोन करत बसलीस, तुझ्या आईनंही आमच्यालाच मत दिलं, विचार तिला."

मुलीचा हात ताटातच थांबला. "आई? सीरियसली?"

पत्नीनं माझ्याकडे बघितलं. तोवर डोळा बरा झाला होता, तिला मी स्वच्छ दिसत होतो. तिला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. मग ती मुलीकडे वळून म्हणाली, "हो. दिलं."

"मग रोज फोनवर मला हो हो का म्हणत होतीस? यू लाइड टू मी, आई."

"वरण घे अजून," पत्नी म्हणाली.

मुलगी दोन दिवस लवकर परत गेली. भांडण असं झालं नाही. फोन यायचे, तब्येतीची चौकशी व्हायची, पण दोघींचं ते संध्याकाळचं बोलणं संपलं. पत्नी भाजी चिरायची आणि स्वयंपाकघरात फक्त सुरीचा आवाज यायचा. मला तिनं एका शब्दानं विचारलं नाही. तिनं विचारावं म्हणून मी कधी कधी तिथे जाऊन उभा राहायचो. "काही हवंय का?" एवढंच ती म्हणायची. आणि मंडळात, चारचौघांत, मी तिचा किस्सा रंगवून सांगायचो. लोकांबरोबर तीही हसायची, म्हणून मला वाटायचं की चालतंय.

ती गेली. मुलगी आली, सगळं केलं, आणि निघताना विमानतळाच्या वाटेवर म्हणाली, "बाबा, आई माझ्याशी एकदा तरी खरं बोलली असती ना, तर बरं झालं असतं."

गाडी मी चालवत होतो. टर्मिनल कोणतं, एवढंच मी विचारलं.

आता घरात मी एकटाच असतो. यंदा पुन्हा कोण कोणाला सोबत घेणार याची चर्चा टीव्हीवर सुरू झाली, आणि मुलीनं सहज फोनवर विचारलं, "बाबा, तुला काय वाटतं?" मी टीव्ही बंद केला आणि तिला हे सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आईला कधी कळलं?"

"तू विचारलंस तेव्हाच. टेबलावर."

"आणि तरी ती हो म्हणाली?"

"हो."

"का?"

मला माहीत नाही, असं मी म्हणालो. ते खरं होतं.

 मग ती म्हणाली, "तू तो जोक सगळ्यांना सांगितलास ना? मग हेही सगळ्यांना सांग. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी." आणि फोन ठेवला.

मी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात, चहाच्या वेळी उभा राहून सांगितलं.  मग एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला, "जाऊ द्या हो काका, एका मतानं काय होतंय! काकूंनी कधीच माफ केलं असेल." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कोणीतरी माझ्यासाठी चहा आणला. सगळे फार चांगुलपणानं वागले, आणि ज्यांचं काहीच गेलं नव्हतं अशांकडून मला माफी मिळाली. त्या दिवशी घरी येऊन मी हे लिहायला बसलो.

मुलीचा फोन अजून आलेला नाही. मी केला तर ती उचलते. मी बरा आहे म्हणतो, ती ओके म्हणते.