पहाटेच्या भाकरीची बातमी

आमच्या समोरच्या खोलीतल्या बातमीवाल्या काकांसारखा माणूस अख्ख्या हडपसरात दुसरा झाला न्हाई, आन् व्हायचाबी न्हाई. लोकं पेपर वाचत्यात. ह्यो माणूस पेपरात काय यायला पायजे ते सांगायचा. जुन्या कारखान्यात साहेबाच्या हापिसात बसून पेपरवाल्यांना कंपनीच्या बातम्या लिहून धाडायच्या, हेच त्येंचं काम. माझे मालक त्याच कारखान्यात कामाला. कारखाना बंद पडला, मालक वर्षाच्या आत गेले, आन् त्या जागेवर कंपूटरवाल्यांची काचेची बिल्डिंग उभी राह्यली. रडत बसून चूल पेटत न्हाई, म्हणून मी भाकऱ्या थापायला लागले, आन् काका गल्लीतल्या समद्यांच्या बातम्या फुकट लिहायला लागले. पण सरळ लिहितील तर काका कसले! आधी इचारायचे, "यात नवं काय?" न्हाव्यानं दुकानाची बातमी आणली, तर 'भव्य' शब्दावर झुरळ मारावं तसं पेन आपटलं. "अहो, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याला रस्त्यावर उभं राहावं लागतं. भव्य कसलं?" माझ्या लेकीला पोरगी झाली, मी पेढा दिला, तर पेढा हातात तसाच धरून म्हणाले, "अभिनंदन. पण मावशी, कोण झालं, कुठं झालं, कधी झालं, हे आधी सांगायचं असतं. तुम्ही पेढ्यापासून सुरुवात केलीत." माझ्यापरीस लई मोठा माणूस, पण मला मावशीच म्हणायचा. बातमीचा कागद चुरगळू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत घालून, दुपारच्या बसनं स्वतः शनिवार पेठेत पेपरच्या हापिसात न्यायचे. "संध्याकाळी गेलं की तिथं कुणाची मान वर होत नाही," म्हणायचे.

तर आमची गोष्ट. मी आन् गल्लीतल्याच सुमन आन् लता, तिघींचा भाकरीचा गाळा. काचेच्या बिल्डिंगीच्या कॅन्टीनला आमच्या भाकऱ्या जायच्या. एक दिस कॅन्टीनवाला बदलला, त्यानं मशीनच्या चपात्या आणल्या आन् आमची भाकरी बंद! दिवाळीपर्यंत नवं गिऱ्हाईक न्हाई मिळालं तर गाळा सोडायचा, आन् सुमन-लताच्या पोरांच्या शाळा त्या गाळ्यावर. मी म्हणलं, आपलं नाव पेपरात दिऊ. गाळ्याला रंग दिला, नव्यानं उद्घाटन ठरवलं. काकांनी चार ओळी लिहून दिल्या. पण त्यात पाव्हण्यांची नावंच न्हाईत! असं कुटं असतंय व्हय? लतानं खाली समदी घातली: अध्यक्ष कोण, फीत कुणी कापली, समई कुणी लावली, नारळ कुणी फोडला, आभार कुणी मानले. काका म्हणाले, "मावशी, यात भाकरी कुठंय?" मी म्हणलं, "असू द्या काका, ज्याचा त्याला मान द्यावा लागतो."

बातमी आली. मोठा फोटो! फीत कापणारे पाव्हणे ऐटीत, आन् आम्ही तिघी त्येंच्या हारामागं झाकलेल्या. काकांनी लिहिलेला पत्ता कापला, येळ कापली, भाकरीचं नाव न्हाई. दुसऱ्या दिशी गाळ्यावर एकच माणूस आला, ज्याचं नाव छापायचं राह्यलं व्हतं तो. भांडायला. काका चष्मा पुसत म्हणाले, "बातमी उत्तम आहे. त्यात तुम्ही सोडून सगळे आले."

मग मी पिठाच्या डब्यावर त्येंना बसवलं आन् म्हणलं, "आता आमचं दुःख लिहा. मालक गेले, कॅन्टीन गेलं, समदं लिहा." काका म्हणाले, "ते लिहिलं तर लोक हळहळतील, मावशी, आणि चपाती खाऊन कामाला जातील. तुमच्या तव्यावर नवं काय, ते बोला."

"नवं काय असनार? जन्म गेला, चारला उठते, पाचला पहिली भाकरी तव्यावर."

काका ताडकन उठले! मागनं समदी पँट पिठानं पांढरी. "पाचला? अहो, रात्रपाळीची पोरं तेव्हाच सुटतात! त्यांचं ते रात्रीचं जेवण! त्या वेळेला इथं चहा-बिस्किटाशिवाय मिळतं काय?" आन् तिथंच उभ्यानं लिहिलं: 'रात्रपाळी करून परतणाऱ्यांना हडपसरमध्ये आता पहाटे पाचपासून गरम भाकरी-पिठलं मिळेल.' खाली पत्ता, येळ, आमची तिघींची नावं. बास. लता म्हणली, "आन् पाव्हणे?" काका म्हणाले, "ते पाचला येतील. भुकेले."

आन् आले की हो! बातमी छापून आली त्याच्या दुसऱ्या पहाटं पोरंच पोरं, पोरीबी. गळ्यात कंपनीची पट्टी, डोळ्यांत झोप, पायरीवर बसून मांडीवर ताट. एक पोरगी म्हणाली, "मावशी, गाव सोडल्यापासून तव्यावरची भाकरी आजच खातेय." सुमन थापतीय, लता वाढतीय, मी कांदा फोडतीय, हाताला दम न्हाई! काका रांगेत शेवटी. मी ओरडले, "काका, पुढं या!" तर म्हणाले, "आधी रात्रपाळी. मी झोपून आलोय." त्येंचा नंबर लागला तवा पीठ संपलं व्हतं. "संपलं? मावशी, खरंच संपलं?" टाळ्या वाजवत, उपाशी घरी गेला बाबा.

गाळा टिकला. सुमन-लताची पोरं शिकून कामाला लागली. काकांना लेकीनं कोथरूडला नेलं. आता नजर गेली, पेपर वाचवत न्हाई. रोज सकाळी फोन करत्यात, "मावशी, आज पीठ किती वाजता संपलं?" हल्ली पोरं घरी बसूनच काम करत्यात, रांग कुटली लागायला? मी डब्यात बघते, आन् सांगते, "सातलाच संपलं काका. लई गर्दी."

तिकडनं काका म्हणत्यात, "गर्दीत स्वतः जेवायला विसरू नका." मी हो म्हणते, फोन ठेवते, आन् उरलेल्या पिठातली एक भाकरी थापते.