मढचे हांडे सर आणि न गाळलेला परिच्छेद

निमंत्रण वाचून नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. ज्यूद्वेषावर चर्चासत्र, आणि तेही जुन्नर तालुक्यात? तिथे ज्यू किती, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मी पोचले की एक.

मुंबईवरच्या हल्ल्यात ज्यूंचं एक घर निवडून लक्ष्य केलं गेलं. त्यानंतर कधी नव्हे ते आम्ही कॉलेजांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आलो. आम्ही म्हणजे बेने इस्रायल. पिढ्यान् पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. माझं आडनाव पेणकर, घरची भाषा मराठी, आणि मी ठाण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवते. चर्चासत्राचा विषय होता ‘आजचा ज्यूद्वेष आणि लोकराजनय’. लोकराजनय म्हणजे एखादा देश परक्या सरकारला वळसा घालून थेट तिथल्या माणसांची मनं कशी जिंकतो, ते. जायचंच, असं मी ठरवलं. अट एकच घातली, माझं भाषण शुक्रवारी ठेवा. शनिवारी मी कामही करत नाही आणि प्रवासही.

गुरुवारी दुपारी कल्याणहून आळेफाट्याची एसटी धरली. आरक्षणाची भानगड नाही, पण खिडकी हवी असेल तर स्टँडवर लवकर जा. मुरबाडला वडापाव खाऊन घ्या, पुढे टोकावड्यानंतर धड काही मिळत नाही. माळशेज घाट पावसाळ्यात पाहिलेला होता. फेब्रुवारीतला पाहिला नव्हता. धबधब्यांच्या जागी नुसते काळे ओघळ आणि पिवळं गवत. मला हा घाट जास्त आवडला, कारण गर्दी नव्हती आणि डोंगर सगळा दिसत होता. घाटमाथ्यावर मोबाइलची रेंज गेली ती गेलीच, तेव्हा घरी सांगायचं ते आधीच सांगून ठेवा.

मढला उतरले. कॉलेजने माझी सोय चर्चासत्राच्या अध्यक्षांकडे, निवृत्त मुख्याध्यापक हांडे सरांकडे केली होती. स्टॉपवरच्या चहावाल्याला घर विचारलं, तर तो मनापासून हसला.

“हिटलर सर म्हना की. हांडे म्हनल्यावर इथं कुनाला कळायचं न्हाई.”

मी हातातला चहा फळीवर ठेवला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, उलट अभिमान होता. शाळेची घंटा झाली की सर स्वतः फाटक बंद करायचे. मग पोरगं सरपंचाचं असो की स्वतः सरांचं, आत यायचं नाही. कडक माणूस, लई मोठा माणूस, असं सांगून त्याने चहाचे पैसेही घेतले नाहीत.

अडचण ही होती की माझं भाषण याच गोष्टीवर होतं. ठाण्यात बसून मी एक अख्खा परिच्छेद लिहिला होता: आपल्याकडे ज्यूंना कुणी दगड मारला नाही, पण कडक मास्तरला आपण लाडाने कुणाचं नाव देतो? आणि आता त्याच नावाचा मास्तर मला हातपाय धुवायला गरम पाणी देत होता.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मासवडीचा बेत केला होता. नाव ऐकून मी जरा बिचकले, कारण आमच्यात कुठला मासा चालतो आणि कुठला नाही याचे नियम आहेत. पण मासवडीत मासा नसतोच. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण भरलेलं, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. या भागात येऊन ती न खाता जाल तर प्रवास फुकट. माझ्या ताटात तिसरी भाकरी पडली तेव्हा समोरच्या भिंतीवर नजर गेली. निवृत्तीच्या वेळी माजी विद्यार्थ्यांनी दिलेली तसबीर होती, खाली सोनेरी अक्षरांत ‘आमचे लाडके हिटलर सर’. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे मलाही शिकवलेलं आहे. तरी परिच्छेद गाळायचा नाही, एवढं मी हात धुता धुता पक्कं केलं. मात्र पाठीमागून वार करायचा नव्हता.

सकाळी चहा घेताना मी सरांना स्पष्ट सांगितलं. माझ्या भाषणात या टोपणनावाबद्दल आहे. तुमचं नाव घेणार नाही, पण मी ते गाळणारही नाही. सरांनी बशी खाली ठेवली.

“बोला की. तुमाला कोन आडवतंय? अध्यक्ष मी हाय, आन् अध्यक्ष शेवटी बोलतो.”

ते बरोबरच होतं. आपल्याकडे अध्यक्षांच्या समारोपानंतर कुणी तोंड उघडत नाही. मी काहीही बोलले तरी ते शेवटी दोन विनोद करून सगळं हसण्यावारी नेऊ शकत होते, आणि टाळ्या त्यांनाच पडल्या असत्या. भाषणाचे कागद पिशवीत घालून मी सरांबरोबर वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या, जीपमध्ये बसले. डावीकडे धरणाचं पाणी चमकत होतं आणि जीपमध्ये आम्ही दोघं सोडून सगळे बोलत होते.

कॉलेजात आधी सत्कार. शाल, श्रीफळ आणि फेटे यांत निम्मी सकाळ गेली, त्यामुळे वक्त्यांचा वेळ कापला. पुण्याहून आलेल्या प्राध्यापकांनी लोकराजनय छान समजावलं, पण खरं उदाहरण सभागृहातच बसलं होतं. प्रश्नोत्तरांत एका द्राक्षबागायतदाराने मला विचारलं, मॅडम, तुमच्या इस्रायल देशातली ठिबक लई भारी, सबसिडी वाढंल का? माझा देश हाच आहे, मी म्हटलं, आणि माझ्या घरचा नळसुद्धा गळतो. सगळे हसले, तोही हसला. एका विद्यार्थिनीने इस्रायलच्या सरकारच्या युद्धांबद्दल विचारलं. मी म्हटलं, सरकारवर हवी तेवढी टीका कर, मीही करते. फक्त त्याचा हिशेब आडनाव बघून माझ्याकडे मागू नकोस.

मग माझं भाषण. परिच्छेद आला तेव्हा मी कागदावरून नजर काढली आणि विचारलं, कडक मास्तरला आपण काय म्हणतो? अख्खं सभागृह एका सुरात ओरडलं. ओरडताना सगळ्यांनी आनंदाने मंचाकडे पाहिलं. सरही सवयीने हसले.

मी थांबले नाही. त्या माणसाची शिस्त काय होती ते साध्या शब्दांत सांगितलं. घराघरांतून माणसं वेचून काढली, गाड्यांत भरली, मारली. त्यांत शाळेत जाणारी मुलं होती, ज्यांना अजून धड लिहिता येत नव्हतं तीही होती. ती मुलं माझ्या धर्माची होती, आणि आठवीत बाईंनी त्याच माणसाच्या करारीपणाचं कौतुक केलं तेव्हा मी तिसऱ्या बाकावर बसलेली होते. तुम्ही त्या जागी असता तर कुठे बघितलं असतं, एवढंच विचारून मी खाली बसले.

सर उठले. तासभर बोलणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती. त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले, वेळ झाली आहे म्हणाले आणि बसले. टाळ्या तुरळक पडल्या. परतीच्या जीपमध्ये सर पुढे बसले, मी मागे, आणि मला अजून त्यांच्याच घरी शनिवार काढायचा होता.

आमचा शनिवार, म्हणजे शब्बाथ, शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू होतो, त्याच्या आत मला दिवे लावायचे असतात. काकूंनी न विचारता दोन पणत्या घासून दिल्या, तेल ओतलं. तुमचे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे ते बरंच, आमीपन शनवारी तेल इकत आनत न्हाई, असं म्हणत त्या शेजारी बसल्या. मला फार बरं वाटलं. दिवे लावून डोळ्यांवरचे हात काढले तर दारात सर उभे.

“ल्हान पोरंबी?” त्यांनी विचारलं.

“हो. लहान पोरंसुद्धा.”

ते पणत्यांपाशी येऊन टेकले. “मी फाटक लावायचो. पोरं भाईर ऱ्हायची,” ते म्हणाले. “पन दुसऱ्या दिवशी यायची वो. सगळी यायची.”

शनिवारी मी नुसती बसून राहिले, हरभरा सोलला नाही म्हणून काकूंची माफी मागितली. रविवारी सर एसटीपर्यंत सोडायला आले. चहावाल्याने लांबूनच हाक दिली, रामराम हिटलर सर. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी दोन चहा सांगितले, बाकी काही नाही. घाट उतरताना वाटलं, एवढा आटापिटा करून मी काय मिळवलं? एका भल्या माणसाला त्याच्याच गावात खाली बघायला लावलं. तरी परिच्छेद गाळायला हवा होता असं मात्र एकदाही वाटलं नाही.

मढला जरूर जा. मासवडी खा, धरणाच्या काठाने संध्याकाळी फिरा. हे सगळं तेव्हाच लिहून टाकणार होते, पण शेवट सापडत नव्हता. मग जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात, घरचा फोन वाजला. आवाज ओळखीचा होता.

“हॅलो, पेणकर मॅडम? मी हिटलर स...”

लाइन कटली असं वाटून मी ठेवणारच होते.

“दत्तात्रय हांडे बोलतोय, मढवरनं,” ते म्हणाले. “शाळेत भाषनाला बोलावलंय मला. त्या ल्हान पोरांचं जरा सगळं नीट सांगा. पेन घिऊन बसलोय.”