चन्नम्माची बीडी आणि गोजरबाईंचा ओटा

गोजरबाईंनी चन्नम्माला पहिल्यांदा पाहिलं ते चाळीच्या मागच्या नळावर. नवीन बिऱ्हाडाची ही मैंदर्गी गावची बाई, कपाळावर विभूती, ओठांच्या कोपऱ्यात पेटलेली बीडी, अशी भांडी घासत होती. गोजरबाईंना पाहून तिनं बीडी लपवली नाही, फक्त धूर दुसरीकडे सोडला. तेवढ्यावरच ती त्यांना आवडून गेली.

बीडीची सवय तिला गिरणीतल्या बायकांनी लावली होती. चौऱ्याहत्तर साली तिच्या नवऱ्यानं, रुद्रप्पानं, स्वतःची बीडी एका झटक्यात सोडली आणि घरात त्याचं प्रवचन सुरू झालं. एकदा त्यानं सगळ्यांसमोर पैज लावली, की चन्नम्मानं सलग महिनाभर बीडी ओढली नाही तर सकाळचा चहा जन्मभर तो करील. चाळ खदाखदा हसली. चहापेक्षा ते हसणं चन्नम्माला लागलं.

अमावास्येला सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन तिनं बीडी सोडली. आठवडा संपायच्या आत ती पुन्हा पेटली. पुढच्या अमावास्येला तेच, त्याच्या पुढच्या अमावास्येलाही तेच. ‘ह्याला छाती लागती,’ असं रुद्रप्पा येताजाता ऐकवू लागला.

तिसऱ्या वेळी ती रडकुंडीला येऊन गोजरबाईंच्या ओट्यावर बसली. गोजरबाईंना कावळा शिवला होता. त्या चार दिवसांत त्या ओट्यावर तरट टाकून बसत, आणि हाताला काम नसल्यानं चाळीवर नजर ठेवत. चन्नम्मा मात्र त्यांना खेटून बसली. तिच्या घरात लिंगायतांच्या रीतीप्रमाणे हा विटाळ नव्हताच.

गोजरबाई हळूच म्हणाल्या, “मी हितं बसले की तुझी बीडी पेटती. तीनदा बघितलं मी. तुझी पाळी कवा असती?”

बाजूला बसायचं नसल्यानं चन्नम्मानं कधी ध्यानातच ठेवलं नव्हतं. ती आठवत राहिली.

“तुमच्या मागनंच की, अक्का. त्याच्या आदी लई चिडचिड हुती. नवऱ्याचं तोंड बघू वाटत न्हाय. मग बीडीच आठवती.”

“मग पाळीच्या तोंडावरच कशाला सोडतीस? डोक्यावरनं न्हाऊन, अंग हलकं झालं की सोड. देव काय अमावास्येलाच दार उघडतो व्हय?”

चन्नम्मानं तसं केलं. सुरुवातीचे दिवस तिचे तिलाच नवल वाटावं इतके सोपे गेले. वाईट दिवस जवळ आले तोवर गोजरबाई पुन्हा ओट्यावर होत्या. गिरणीतून सुटली की चन्नम्मा घरच्या शेंगा ओच्यात घेऊन थेट तिथं येई. दोघी शेंगा फोडत बसत. हात वळवळला की आणखी एक शेंग. एकदा ती गोजरबाईंवरच उखडली, ‘तुमी लई बोलता’ म्हणाली आणि उठून गेली. थोड्या वेळानं परत आली, तेव्हा गोजरबाईंनी शेंगा पुढे सरकवल्या. ओट्याखाली टरफलांचा ढीग झाला.

महिना भरला त्या सकाळी चन्नम्मा उठलीच नाही. रुद्रप्पानं एकदा हाक मारली, दोनदा मारली. मग भिंतीपलीकडून गोजरबाईंना स्टोला पंप मारल्याचा आवाज आला.

चन्नम्माला आता नातवंडं आहेत. सकाळचा चहा अजूनही रुद्रप्पाच करतो, आणि साखर जरा जास्तच घालतो.