परवानगी मुबीनाची

मोताळ्याच्या मेहबूब टेलरची मुबीना म्हणजे 'नको' म्हटलं की हटकून करणारी. पोरींनी स्कूटर चालवू नये, असं गल्ली म्हणाली, तर ही अब्बांनाच मागं बसवून बाजारातून फिरून आली.

सध्या उकंडरावांच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचे नंबर लावायचा कॉम्प्युटर प्रोग्राम तिच्याकडे होता. मंगळवारी खरेदी सुरू. तोवर चालला नाही, तर काम पुण्याच्या प्रोग्रामर शेखरकडे.

तिनं तो डेनोवर, म्हणजे प्रोग्राम चालवायच्या एका नव्या साधनावर, लिहिला होता. सगळ्याची एकच फाइल होते, पेनड्राइव्हवरून टाकली की झालं. पण गाड्यांची यादी डेटाबेसमध्ये, आणि त्याच्याशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड, मुळात डेनोच्या थोरल्या भावासाठी, नोडसाठी लिहिलेली. प्रोग्राम सुरू केला की लाल अक्षरांचा ढीग.

"लायब्ररी चालून नाही राह्यली, काका," ती उकंडरावांना म्हणाली.

"काऊन वं? आज त सोमवार हाय. पेपर वाचाले जाणार होतो मी!"

फोनच्या स्पीकरवर शेखर नाकातून समजावत होता, "अगं मुबीना, असं नसतं गं ते! ती लायब्ररी नोडची आहे. तुझ्या त्या डेनोत नाहीच चालायची. सगळे वापरतात तेच वापरावं ना माणसानं?"

"आयकलं?" उकंडराव म्हणाले. "पुण्याचा मानूस सांगून राह्यला."

"पुण्याचा मानूस वरची ओळ वाचून राह्यला, काका. मी खालची वाचून राह्यली."

खाली लिहिलं होतं: परवानगी नाही. डेनोची रीतच तशी. विचारल्याशिवाय कुणाला उंबरठा ओलांडू देत नाही. लायब्ररीत खोट नव्हतीच, ती बिचारी दाराशी ताटकळत होती.

मुबीनाला हसू फुटलं. कुणाला विचारून निघालीस, हे ऐकत ती वाढलेली. आज विचारणारं मशीन होतं आणि हो म्हणणारी ती.

आधी सेटिंग वाचायची परवानगी दिली. लगेच दुसरी मागणी, डेटाबेसपर्यंत जायची. "जा बाई," ती म्हणाली, "पण तेवढ्याच पत्त्यावर. गावभर नाही." फाइल पुन्हा बांधली, सुरू केली. पडद्यावर गाड्यांची यादी ओळीनं उतरली.

"पण हे रीतसर नाही गं..." फोन कुरकुरला.

"सर, तुमची रीत तिकडं ठेवा. इथं परवानगी मी देते."

उकंडरावांनी यादी बोट लावून वाचली, मग फोन उचलला. "शेखरभाऊ, मंगळवारी नका येऊ तुम्ही." फोन ठेवून ते मुबीनाकडे वळले, "आता पेपराची लायब्ररी बी उघडली असन का वं?"