आईच्या वेबसाइटला जागा बघताना

आई गेली आणि तिला मुंबईत ठेवायचं की सिंगापुरात, यावरून आमच्या घरात भांडण झालं.

गैरसमज नको. आईची माती शेळगावातच झाली. प्रश्न तिच्या वेबसाइटचा होता. आई रोपवाटिका चालवायची. मिरची, टोमॅटो, वांगी. आसपासच्या गावांतले लोक तिच्याकडून रोपं न्यायचे, आणि रोपानं मान टाकली की तिलाच फोन करायचे. ती गेल्यावरही फोन थांबले नाहीत. "ती न्हाय आता," असं प्रत्येकाला सांगून आमचे तात्या, म्हणजे वडील, थकले. एक दिवस म्हणाले, "मिलिंदा, तिनं लोकांना जे सांगितलं ते सगळं त्या इंटरनेटवर घाल. मला रोज रोज सांगाया नगं."

मी बारामतीत कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. त्यामुळे घरात मला इंटरनेटचा मालक समजतात. (मीही कधी खोडून काढलेलं नाही.) मी आईचे फोटो, व्हिडिओ, तिनं मोबाइलवर बोलून पाठवलेले निरोप, सगळं जमवलं. घरातल्या कुणालाही मजकूर घालता येईल अशी कॉन्टेंट मॅनेजमेंट सिस्टिम घेतली. राहिलं होस्टिंग. म्हणजे हे सगळं जिथं राहणार, ती जागा.

"पर जागा हाय कुठं?" तात्यांनी विचारलं.

"क्लाउडवर."

तात्यांनी दारातून वर आभाळाकडं पाहिलं. मी घाईघाईनं म्हणालो, "तितं वर न्हाय हो! कंपन्यांचे मोठाले कॉम्प्युटर असतात. मुंबईत, सिंगापुरात. आपण निवडायचं. मी म्हणतो, सिंगापूर!" (नाव ऐकायला भारी वाटतं, हे माझं तांत्रिक कारण.)

"तिला भिगवणच्या पुढं एसटी लागायची," तात्या म्हणाले. "मुंबईच बरी. कधी जावंसं वाटलं तर..."

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. सिंगापूरही तिथंच सुटलं.

माझी बहीण मंगलताई इंदापूरला कॉलेजच्या लायब्ररीत आहे. ती म्हणाली, "आमच्या कॉलेजची साइट तयार होस्टिंगवर हाय. अपडेट, बॅकअप, सगळं तीच लोकं बघतात. आपण फक्त लिहायचं."

"ताई, ते नवशिक्यांचं काम!"

"मग आपण कोण?"

मी लगेच लॅपटॉप उघडला. सगळं आपल्या हातानं जोडायचं असतं, असा भलामोठा प्लॅटफॉर्म निवडला. त्यात इतकी बटणं होती की निम्म्यांची नावंसुद्धा मला वाचता आली नाहीत. आवडलाच मला तो! बॅकअपचं बटण नंतर दाबू म्हटलं. पण साइट उभी राहिली, आणि मी बारामतीत जळोचीतल्या माझ्या घरी दोन दिवस छाती काढून फिरलो.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला शेळगावात अंगणात मांडव घातला. बुद्धवंदना झाली. भाषणं झाली. मग मी पडदा लावला, प्रोजेक्टर लावला आणि माइकवरून जाहीर केलं, "सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवरसुद्धा साइट उघडा!"

सगळ्यांनी उघडली. एकदम! रोपं नेणारे, पाहुणे, आचारीसुद्धा. एवढी गर्दी सांभाळायची ताकद त्या सर्व्हरला मीच दिली नव्हती. पडद्यावरची आई हसता हसता नाहीशी झाली आणि पांढऱ्याफेक पडद्यावर इंग्रजीत काळी ओळ उमटली.

आमची काकू पुढं आली. तिनं पडद्यापुढं फुलं ठेवली, हात जोडले. तिचं बघून रांग लागली! लोक त्या ओळीपुढं डोकं टेकवून जायला लागले.

"काय लिवलंय रं त्यात?" काकूनं विचारलं.

"संपर्क होऊ शकत नाही, असं लिहिलंय."

पुढच्या खुर्चीवरून तात्या म्हणाले, "ते ठावं हाय."

 मला ते सहन होईना. मी लॅपटॉपवर झडप घातली, सर्व्हर बंद करून चालू करायला गेलो आणि घाईत शेजारचं बटण दाबलं. 'खात्री आहे का?' असं त्यानं विचारलंही. (मला नेहमीच खात्री असते.) झालं! सर्व्हर समूळ पुसला गेला. आई एका वर्षात दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी माझ्या हातानं.

आठवडाभर मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. फोटो, निरोप ताईकडंही होते. तिनं तयार होस्टिंग घेतलं आणि साइट पुन्हा उभी केली. मला फक्त कोणतं पान किती बघितलं जातं, ते तपासायचं काम दिलं. तिथं बटणं कमी आहेत.

तपासताना दिसलं, की करपा रोगावरचं पान लोक कधीमधी उघडतात, पण आईचा एक निरोप मात्र रोज दुपारी कुणीतरी ऐकतंय. रविवारी शेळगावला गेलो. तात्या ताटावर बसले होते. घास न घेता त्यांनी आधी मोबाइल लावला. आईचा आवाज आला, "मिलिंद्या, गाढवा, फोन उचल की! रोपं द्यायला अंथुर्ण्याला आलीया. तात्यांचा फोन लागंना. त्यास्नी म्हणावं, जेवून घ्या. मी येतीच हाय."

मग त्यांनी भाकरी मोडली.

 मी दारातूनच म्हणालो, "तात्या, हा घरातला निरोप, चुकून पडलाय त्यात. काढू का?"

"नगं," ते म्हणाले. "तुला गाढव म्हनती तेवढं कापायचं आसंल तर काप."

कापता येतं. क्लासमध्ये मी तेच शिकवतो. पण नाही कापलं. आईनं माझ्याविषयी साऱ्या जगाला सांगितलेली तेवढी एकच गोष्ट आहे, आणि माझं होस्टिंग बघितलेल्या कुणालाही ती खोटी वाटणार नाही!