दाजींनी चमकवलेला सम्राट
भोसरीत बफिंगच्या मेणाचा जळका वास आला की माझं डोकं आजही फिरतं. विहीर खणताना वडिलांना एक रोमन चांदीचं नाणं सापडलं होतं. त्यावर टायबेरियस सम्राट होता, लांब नाकाचा, केसांवर पानांची माळ घातलेला. नाणं काळं पडलं होतं, पण वडिलांनी ते कधी कुणाला घासू दिलं नाही. वडील गेल्यावर दाजींनी बघायला म्हणून नेलं आणि आठवड्याने आपल्या भोसरीच्या शेडमध्ये माझ्या हातात ठेवलं. दिवसभर बफिंगच्या फिरत्या चाकावर मेण लावून स्टीलचे पाइप चमकवणारा माणूस. म्हणाले, "काळंठिक्कर पडलं होतं राव, आरसा करून दिलाय बघ." आरसाच होता. नाक गेलं होतं, माळ गेली होती, उरला होता नुसता गुळगुळीत उंचवटा. दुसरा कुणी असता तर तिथेच थोबाडीत दिली असती. पण घरच्या जावयाला उलट बोलायचं नाही, हेही वडिलांनीच शिकवलेलं. "छान झालंय," म्हणालो, वर त्यांचा चहाही प्यायलो. अजूनही भेटले की ते विचारतात, चमक टिकलीय ना, आणि मी दात आवळून हो म्हणतो. खरं तर चांदी केव्हाच पुन्हा काळी पडलीय. चेहरा तेवढा परत आला नाही.