राखून ठेवलेला डाव

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या फोल्डिंग खात्यात दिवसभर कापडाची थानं कापली जातात आणि संध्याकाळी बघावं तर टेबलाखाली चिंध्यांचा ढीग! कोणी टाकला म्हणावं, तर कोणीच नाही. गेल्या वर्षभरात आमच्या मिलमध्ये किश्शांचं तसंच झालंय. आता चहा सांगितलाच आहे तर ऐका.

मी पाटील. मूळचा अमळनेरकडचा, आता इकडे गुजरातेत, डिंडोलीत घर. उधन्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये पंचवीस वर्षं कापड तपासतोय. आमच्या कामात चांगल्या कापडाकडे बघायचंच नसतं, डाग कुठे आहे ते शोधायचं. त्यामुळे स्वभावही तसाच झाला. बायको म्हणते, तुम्हाला प्रसाद दिला तरी आधी उलटा करून बघाल. बघतोच! का बघू नये?

तर एके दिवशी आमचे धाकटे शेठ चिरागभाई यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. म्हणाले, "इंजिनियर नथी जोइता, इंजिनियर नकोच! तुमचं काम तुम्हाला येतं ना? मग ते कॉम्प्युटरला सांगा. गुजरातीत सांगा, मराठीत सांगा. एआय तुमचं टूल बनवून देईल. ज्याला काम येतं, त्यानंच टूल बनवायचं!"

टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. शेजारी तक्रार विभागाच्या सुनीताताई होत्या. त्यांना हळूच म्हटलं, "ताई, बकऱ्यालाच सुरी पाजळायला सांगतायत."

ताई म्हणाल्या, "पाजळू की भाऊ. मूठ आपल्या हातात ठेवू!"

* * *

पहिलं टूल कोणी केलं असेल? गेटवरच्या पवारनं! बारावी नापास, धुळ्याचा गडी, मिशी एवढी मोठी की गेटपास तिच्यामागे लपेल.

पवारची एक विद्या होती. टेम्पो बाहेर निघाला की तो कागद नंतर बघायचा, आधी मागचं चाक बघायचा. गाडी किती दबली यावरून आत माल किती ते सांगायचा. कागदावर चाळीस थानं आणि आत पंचेचाळीस असली तर टेम्पो गेटवरच उघडायचा. ही विद्या त्यानं कॉम्प्युटरला शिकवली. रोज मागच्या चाकांचे फोटो आणि खाली त्याचा शेरा, "बरोबर" नाहीतर "उघड".

महिनाभरानं टूल चालू झालं आणि तिसऱ्याच दिवशी गेटवर भोंगा वाजला. पडद्यावर लाल अक्षरं आली, "माल जास्त आहे. गाडी उघडा."

गाडी चिरागभाईंची होती! मागच्या सीटवर त्यांच्या सासूबाई आणि सासूबाईंच्या तीन बहिणी, लग्नाच्या साड्या निवडून परत निघालेल्या.

चिरागभाईंनी काच खाली केली. पवारनं सलाम ठोकला आणि म्हणाला, "साहेब, मी कायबी म्हणालो नाही. टूल म्हणालं!"

* * *

तेव्हा मी कँटीनमध्ये माझा सिद्धांत मांडला. गावी तालमीत होतो तेव्हा आमचा वस्ताद सगळे डाव शिकवायचा आणि एक राखून ठेवायचा. चेला कितीही मोठा झाला तरी वस्तादाला पाडू शकायचा नाही. मी म्हटलं, "मंडळी, टूल बनवा. नाही म्हणू नका. पण एकेक डाव राखून ठेवा. सगळं सांगाल तर दुसऱ्या दिवशी खुर्ची जाईल!"

सगळ्यांनी माना डोलवल्या. एका माणसानं नाही डोलवली. आमचे आप्पा.

आप्पा म्हणजे आमचे शेड मास्टर. बत्तीस वर्षं रंग जुळवतायत. पार्टीनं, म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्यानं, नमुन्याचा तुकडा पाठवला की आपल्या कापडाचा रंग त्याच्याशी जुळला की नाही, हे आप्पा सांगणार. त्यांचा ट्यूबलाइटवर विश्वास नाही, म्हणून खुर्ची लॅबच्या दाराशी. तुकडा घ्यायचा, दारात उन्हात धरायचा, गालाला लावायचा आणि मग एक शब्द, "चालीन." आप्पा चालीन म्हणाले की माल पुढे जातो. तसं रंग मोजायचं मशीन लॅबमध्ये आहे. पण मशीन नुसता आकडा देतं. कोणत्या पार्टीला किती फरक चालतो, ते आप्पांच्या डोक्यात.

रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. टूलनं हे काम उचललं तर पहिली खुर्ची कोणाची जाणार, हे गेटवरच्या कुत्र्यालाही कळत होतं.

म्हणून मी त्यांना बाजूला घेऊन बजावलं, "आप्पा, तुम्ही तर दोन डाव राखा."

आप्पा घरातली अहिराणीच बोलतात, मिलमध्येही. हसले आणि म्हणाले, "डाव राखाले पहिले पैलवान धडधाकट पाहिजे, भो."

वय झालं, असं म्हणायचं असेल, असं मला वाटलं.

* * *

सुनीताताईंचा किस्सा तर विचारू नका!

ताई अठरा वर्षं पार्ट्यांच्या तक्रारी ऐकतायत. त्यांची पद्धत अशी की माणूस कितीही तापून बोलला तरी आधी विचारायचं, "काका, जेवलात का?" त्या प्रश्नावर निम्मी आग विझते. हे त्यांनी टूलला शिकवलं. आणखी एक गुपित शिकवलं. बाजारात माल उठत असला की कोणाला रंगात फरक दिसत नाही. माल पडून राहिला की प्रत्येकाला दिसतो आणि थानं परत येतात! म्हणून रंगाची तक्रार आली की आधी बाजार मंद आहे का ते बघायचं.

आता हे मनात ठेवायचं, बोलायचं नाही, हे ताईंनी टूलला सांगितलंच नाही. माणसाला काय सांगावं लागतं का?

एका जुन्या पार्टीनं मेसेज टाकला, "रंग चुकला आहे, सगळा माल परत घ्या." टूलनं लगेच उत्तर दिलं, "काका, जेवलात का? माल विकला जात नाहीये का?"

अर्ध्या तासात काका स्वतः मिलमध्ये हजर! लालबुंद. ताईंच्या टेबलावर हात आपटला. आम्हाला वाटलं, गेली पार्टी हातातून. काका इकडेतिकडे बघत खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

ताईंनी चहा मागवला. माल काही परत आला नाही.

* * *

आता माझं. हसायचं नाही हं!

माझं टूल कापडाचे फोटो बघून डाग शोधायचं. मी त्याला सगळं शिकवलं आणि ठरल्याप्रमाणे एक डाव राखला. सुट्टीनंतर मशिनं पुन्हा चालू होतात तेव्हा पहिल्या काही थानांवर कडेला बारीक पिवळट रेघ येते. ती सरळ बघून दिसत नाही, थान तिरपं धरावं लागतं. हे मला माझ्या आधीच्या तपासनिसानंही सांगितलं नव्हतं, माझं मी शोधलं. ते मी यंत्राला का फुकट देऊ?

दोन महिने मजेत गेले. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टूल "पास" म्हणायचं, मी "नापास" म्हणायचो आणि चिरागभाई म्हणायचे, "पाटीलभाऊ, तमारी तो वात ज जुदी!" म्हणजे तुमची बातच वेगळी. छाती फुगायची माझी.

मग एका सकाळी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर प्रश्न, "दर सुट्टीनंतर तुम्ही कडेचे डाग पकडता, ते मला फोटोत दिसत नाहीत. मला सांगायचं काही राहिलं आहे का?"

मी गपकन लॅपटॉप बंद केला. घरी बायको असं विचारते तेव्हा निदान पाठमोरी तरी असते!

* * *

इकडे आप्पांचं जे चाललं होतं, ते बघून माझा जीव जळत होता.

त्यांच्याकडे बत्तीस वर्षांच्या वह्या होत्या. एकेका पानावर कापडाचे दोन तुकडे चिकटवलेले, खाली मशीनचा आकडा, पार्टीचं नाव आणि आप्पांच्या हातचा शेरा. "लालास मारतो, पण हा घेईल." "जुळला आहे, तरी हा नाही म्हणेल, आधी फोन करा." असं सोनं! आणि हे सगळं सोनं आप्पा कॉम्प्युटरला देत सुटले. दुपारी जेवण झालं की सुनीताताईंना शेजारी बसवायचे. ताई शेरे वाचणार आणि टाइप करणार, आप्पा डोळे मिटून ऐकणार आणि मध्येच सांगणार, "त्याना बाप वारी गया, आते पोऱ्याले चालस. बदलाय ते." म्हणजे त्या पार्टीचा बाप वारला, आता मुलाला तेवढा फरक चालतो, शेरा बदल.

मी ताईंना विचारलं, "स्वतःचंच अक्षर आहे, स्वतः का वाचत नाहीत?"

ताई म्हणाल्या, "मोठे झालेत ते आता. शेठचे लाडके."

मलाही तसंच वाटलं. कारण आप्पांचं वागणंच बदललं होतं. पूर्वी कोणाला विचारायचे नाहीत. आता कोणी तुकडा आणला की म्हणायचे, "पहिले तू सांग." आम्ही सांगितलं की "हूं" म्हणायचे आणि मग दारात जायचे. आमच्या तोंडून चूक काढून शेठला कळवत असणार, असा माझा अंदाज. स्कूटर विकून टाकली आणि रोज माझ्या गाडीवर मागे बसून यायला लागले. त्यातही मला वास आला, की रस्त्यात आमची माहिती काढायची असेल.

आणि टूल कसं मागावं त्यांनी? बोलणारं! आमची सगळ्यांची टूलं पडद्यावर लिहून दाखवतात. आप्पा म्हणाले, माझ्या टूलनं मोठ्यानं बोललं पाहिजे. लॅबमध्ये ते बोललं की फोल्डिंगपर्यंत ऐकू यायचं. मी म्हटलं, बघा, आता डंका पिटायचाय!

एक दिवस गाडीवर मी तोडूनच बोललो. "आप्पा, सगळं देऊन टाकलंत. उद्या तुम्हाला घरी बसवतील, परवा आम्हाला. लाज वाटायला पाहिजे!"

गोडादऱ्याच्या वळणावर आप्पा मागून म्हणाले, "माले दोन वरीस काढना शेतस, भो." मला दोन वर्षं काढायची आहेत. एवढंच.

मला राग आला. दोन वर्षांसाठी बत्तीस वर्षं विकली म्हणायची!

* * *

परीक्षेचा दिवस. चिरागभाई आले, सोबत मोठे शेठही. लॅबमध्ये आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. सगळ्यांना माहीत होतं, आज आप्पांच्या खुर्चीचा निकाल आहे.

चिरागभाईंनी स्वतः दोन तुकडे निवडले. लॅबवाल्यानं ते मशीनखाली ठेवून आकडा घेतला, पार्टीचं नाव टाकलं. क्षणभरानं टूल बोललं, स्पष्ट, मोठ्या आवाजात, "जुळत नाही. दुसरा तुकडा किंचित लालास मारतो. ही पार्टी घेणार नाही."

मोठे शेठ म्हणाले, "आप्पा, हवे तमे कहो." आता तुम्ही सांगा.

आप्पा उठले. दोन हातांत दोन तुकडे घेतले, दाराशी गेले. उन्हात धरले. एकेक करून गालाला लावले. इतका वेळ लावला की मी भिंत सोडून पुढे सरकलो. मनात म्हटलं, म्हातारा आता टूलला खोटं पाडेल, राखलेला डाव काढेल आणि आपल्या सगळ्यांना वाचवेल!

आप्पा वळले. उजवा हात वर करून म्हणाले, "हाऊ लालास मारस. नही चालाव."

चिरागभाईंनी उडीच मारली. "सेम टु सेम! टूल पूरेपूरुं आप्पा बनी गयुं!"

मी डोळे मिटले. संपलं.

पण मोठे शेठ हसले नाहीत. टूलकडे बघितलं, मग आप्पांकडे. म्हणाले, "मशीन चुकलं तर मी जाब कोणाला विचारू? टूल बोलेल आणि आप्पा दारात जाऊन बघतील. दोघांचं एकच उत्तर आलं तरच माल बाहेर जाईल. आप्पा रिटायर होईपर्यंत असंच चालेल."

टाळ्या पडल्या. या वेळी मीही वाजवल्या. खुर्ची दाराशीच राहिली!

संध्याकाळी आप्पा माझ्या गाडीवर मागे बसले. मला जरा ओशाळल्यासारखं झालं होतं, काय काय बोललो होतो त्यांना. डिंडोलीच्या रेल्वे फाटकाशी आलो. तिथे फाटक बंद होतं, गाडी थांबवली.

आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मागे-पुढे कोणी ओळखीचं आहे का विचारलं. मी नाही म्हटलं.

मग ते कानाशी वाकून म्हणाले, "पाटील, खरं सांग भो. त्या दोन्ही तुकडा कोनता रंगना व्हतात रे?"